किस्सा आवडला ना? मग त्याचं बिल कोणी भरलं तेही विचारा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. आणि वाचून झाल्यावर राग आला तर कमेंटमध्ये भांडा, माझी हरकत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर सकाळी सकाळी एक फॉरवर्ड आला. ‘तुम्हाला माहीत आहे का?’ अशी सुरुवात. वर पिवळी पट्टी, खाली खाशाबा जाधवांचा फोटो. मजकूर तुम्हाला पाठ असेल. कराडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान, हेलसिंकीला जायला पैसे नाहीत, राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले आणि पठ्ठ्यानं कांस्यपदक आणलं! स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाली हात जोडलेले, टाळ्या, झेंडे. अठ्ठावीस जणांनी अंगठा दाखवला. मीही दाखवला.

दुपारी त्याच ग्रुपवर दुसरा मेसेज. नदीपलीकडच्या गावातली एक मुलगी, अकरावीत शिकते, कुस्तीत राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली आहे. वडील टेम्पो चालवतात. प्रवास, राहणं, किट, खुराक मिळून बावीस हजारांचा खर्च. कृपया यथाशक्ती मदत करावी. खाली यूपीआयचा नंबर.

सगळ्यांनी दिले. कुणी पाचशे, कुणी हजार. माणसं वाईट नाहीत हो आपली. पण पैसे जमल्यावर एका मित्रानं लिहिलं, ‘बघा, उद्या ही पदक घेऊन आली की आपलाही किस्सा होईल!’

आणि तिथं माझं डोकं फिरलं.

सकाळी ज्या गोष्टीला आपण ‘त्या काळी काय दिवस होते’ म्हणून टाळ्या वाजवल्या, तीच गोष्ट दुपारी आपल्या दारात उभी होती. सत्तरपेक्षा जास्त वर्षं झाली. फरक एवढाच की प्राचार्यांच्या घराच्या जागी यूपीआय आलं. आणि आम्हाला त्यात काही खटकलं नाही. उलट आम्ही पुढच्या फॉरवर्डची तयारी करत होतो.

म्हणून आज मला या किश्श्यांबद्दलच बोलायचं आहे. खेळातले, सिनेमातले, ‘गंमतच बघा’ म्हणून फिरणारे किस्से. मला ते आवडतात, खोटं कशाला बोलू? जुनी मासिकं चाळायची, असली माहिती गोळा करायची मला कॉलेजपासून खोड आहे. पण हळूहळू माझ्या लक्षात आलंय की किस्सा ही मोठी सोयीची वस्तू आहे. त्यात नवल टिकतं, माणूस टिकतो, आणि ज्यांनी काम करायला हवं होतं पण केलं नाही ते अलगद बाहेर पडतात.

खाशाबांचंच घ्या. फॉरवर्डमध्ये जे येत नाही ते सांगतो.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं. मॅटवर खेळायचा फारसा सराव नव्हता, तरी फ्लायवेटमध्ये सहावे आले. म्हणजे माणसात काय आहे हे चार वर्षं आधीच कळलं होतं. मग १९५२ साठी तयारी कोणी करून घ्यायला हवी होती? झालं काय, तर निवडीच्या वेळीच अडवलं गेलं. मद्रासच्या स्पर्धेत मुद्दाम गुण कमी दिले असा त्यांचा आक्षेप होता. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागावी लागली, पुन्हा कुस्ती लावली गेली, ती जिंकले, तेव्हा कुठं नाव पक्कं झालं. नाव पक्कं झाल्यावर पैशाचा प्रश्न. गावोगाव, दुकानोदुकानी फिरून मदत गोळा केली. तरी कमी पडले म्हणून प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं.

हेलसिंकीत जपानच्या इशीबरोबर लांबलेली कुस्ती झाली, हरले. त्यानंतर लगेच रशियाच्या पैलवानाशी लढायला उभं केलं. मधे विश्रांतीचा वेळ मिळायला हवा होता. पण तसं ठणकावून सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता, असं सांगितलं जातं. दमलेला माणूस हरला. इशीला सुवर्ण, रशियाच्या पैलवानाला रौप्य, आपल्या माणसाला कांस्य.

हा भाग ‘प्रेरणादायी’ नाही ना? म्हणून फॉरवर्डमध्ये नसतो.

परत आल्यावर कराडहून गोळेश्वरपर्यंत दीडशेच्या वर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. हे फॉरवर्डमध्ये असतं. पण मिरवणूक संपल्यावर या पदकवीरानं कुस्त्यांचे फड लावले आणि त्या पैशातून प्राचार्यांचं कर्ज फेडलं, हे दोन ओळींत उरकतात. जरा थांबून विचार करा. देशासाठी पदक आणणारा माणूस घरी येऊन पदकाच्या खर्चाची उधारी फेडतोय.

पुढं १९५५ साली पोलिसात सबइन्स्पेक्टर. १९८४ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, माणूस जाऊन सोळा वर्षं झाल्यावर. २०१० मध्ये दिल्लीतल्या कुस्तीच्या हॉलला नाव दिलं. २०२३ मध्ये जयंतीला गुगलनं डूडल काढलं. आणि आता १५ जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, आपल्याकडे राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. चांगलंच आहे. पण त्यांच्या नावानं गावात कुस्तीचं केंद्र व्हावं यासाठी कुटुंबाला वर्षानुवर्षं पाठपुरावा करावा लागला. २०१७ मध्ये तर घरच्यांवर ते पदक लिलावात काढायची भाषा करायची वेळ आली होती. बातम्या आल्या होत्या, आठवत असतील. नाव द्यायला, दिवस साजरा करायला, डूडल शेअर करायला आपण सगळ्यात पुढं. विटा रचायची वेळ आली की फाइल फिरते.

आता दुसरा किस्सा. हा तर त्याच हेलसिंकीशी जोडलेला आहे.

‘तुम्हाला माहीत आहे का? १९५० च्या फुटबॉल वर्ल्ड कपला भारत पात्र ठरला होता, पण आपले खेळाडू अनवाणी खेळायचे म्हणून त्यांना खेळू दिलं नाही!’

किती वेळा ऐकलंय? मी स्वतः हे छातीठोकपणे लोकांना सांगितलंय. आणि ते खरं नाही.

खरं काय? १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले, फ्रान्सशी झुंज देऊन २–१ असे हरले, तेही दोन पेनल्टी वाया गेल्यावर. तिथून हा ‘अनवाणी’ किस्सा सुरू झाला. १९५० मध्ये ब्राझीलच्या वर्ल्ड कपसाठी आपल्या गटातल्या बाकीच्या देशांनी माघार घेतली आणि जागा आपोआप मिळाली. ब्राझीलचे आयोजक प्रवासखर्चाचा मोठा भाग उचलायला तयार होते. तरी आपल्या फुटबॉल संघटनेनं जायचं नाही असं ठरवलं. अधिकृत कारण दिलं सरावाला वेळ नाही आणि संघनिवडीवर मतभेद आहेत. त्या काळचे कर्णधार शैलेन मन्ना यांनी पुढं स्पष्ट सांगितलं की बुटांचं कारण नव्हतं. वर्ल्ड कप म्हणजे काय याची किंमतच तेव्हा कुणाला नव्हती, ऑलिंपिक हेच सगळं होतं.

आणि साधा हिशोब करा. १९५० मध्ये अनवाणी असल्यामुळं अडवलं असतं, तर दोन वर्षांनी हेलसिंकीला आपले खेळाडू अनवाणी कसे उतरले? उतरले होते. युगोस्लाव्हियानं १०–१ असा धुव्वा उडवला, त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

आता या किश्श्याची करामत बघा. निर्णय घेतला टेबलामागं बसलेल्यांनी. दोष गेला खेळाडूंच्या पायांवर! पंचाहत्तर वर्षं आपण त्या बिचाऱ्यांच्या अनवाणी पायांवर हसतोय किंवा रडतोय, आणि ज्यांनी वर्ल्ड कपचं निमंत्रण बाजूला ठेवलं त्यांच्याबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही. याच पिढीच्या संघानं १९५१ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं आणि १९५६ ला मेलबर्नमध्ये भारत चौथा आला. पाय चांगलेच होते, म्हणजे खोट कुठं होती ते तुम्हीच ठरवा.

तिसरा किस्सा आपल्या पुण्याचा. पळवणकर बाळू. जन्म १८७६, चर्मकार समाजातले. पूना जिमखान्यात मैदानाची निगा राखायची नोकरी आणि इंग्रज साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी टाकायची. किस्सा असा सांगतात की कॅप्टन ग्रेग नावाचा फलंदाज बाळूला म्हणायचा, मला आउट केलंस की दर वेळी आठ आणे देईन. वा! काय गमतीशीर!

पण त्याच जिमखान्यात बाळूंना फलंदाजी करू द्यायचे नाहीत, हे किश्श्यात नाही. पुढं पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबला गोऱ्यांना हरवायला बाळू हवेच होते, म्हणून घेतले. मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावणार. आणि चहाच्या वेळी? संघातले बाकीचे आत, चिनीमातीच्या कपात. बाळू बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. विकेट चालते, विटाळ चालत नाही! १९११ मध्ये भारतीय संघाच्या इंग्लंड दौऱ्यावर याच माणसानं ११४ बळी घेतले. तरी मुंबईच्या त्या मोठ्या स्पर्धेत हिंदूंचं कर्णधारपद त्यांना कधी रीतसर दिलं नाही. त्यासाठी भांडण झालं, भावांनी बाणेदारपणा दाखवला, तेव्हा १९२३ मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल कर्णधार झाले.

आठ आण्यांचा किस्सा लक्षात राहतो, मातीचं भांडं विसरलं जातं. का? कारण आठ आण्यांत साहेबाची दिलदारी आहे. मातीच्या भांड्यात आपण आहोत.

चौथा सिनेमाचा, कारण नुसता खेळच घेतला तर म्हणाल याला खेळाचीच पडली आहे. ३ मे १९१३, गिरगावातलं कोरोनेशन थिएटर, फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’. क्विझमध्ये हमखास येणारा प्रश्न, तारामती कोणी केली? अण्णा साळुंके. हॉटेलात काम करणारा माणूस! पुढं १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये यानंच राम आणि यानंच सीता. मजेशीर आहेच, मलाही हसू येतं.

पण तारामतीला बाई का मिळाली नाही? सिनेमात काम करणं म्हणजे बदनामी, म्हणून कुणी तयार होईना. शोधत शोधत फाळके कोठ्यांपर्यंत जाऊन आले. ही बदनामी लावणारे कोण? आपणच, म्हणजे आपले पणजोबा. आणि पडद्यावर बाई नव्हती म्हणून सिनेमात बाई नव्हती असं थोडंच आहे? सरस्वतीबाई फाळके होत्या. दागिने गहाण टाकले त्यांनी. फिल्म धुणं, भोकं पाडणं, रसायनं कालवणं, आणि वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. भारतीय सिनेमाचे जनक म्हणून दादासाहेबांचं नाव पुरस्काराला आहे, योग्यच आहे. क्विझमध्ये अण्णा साळुंके आहेत. सरस्वतीबाई कुठं आहेत? तुम्हाला त्यांचं नाव २००९ चा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ बघण्याआधी माहीत होतं का? मला नव्हतं. कबूल करतो.

आता चारही किस्से शेजारी ठेवून बघा. प्रत्येकात एक बिल आहे. खाशाबांचं बिल प्राचार्यांनी आणि नंतर स्वतः खाशाबांनी भरलं. फुटबॉलचं बिल खेळाडूंच्या पायांच्या नावावर फाडलं. बाळूंनी अपमान गिळून भरलं. सरस्वतीबाईंनी दागिने आणि हाडाची काडं करून भरलं. आणि ज्यांच्या नावानं बिल निघायला हवं होतं ते सगळे टाळ्या वाजवणाऱ्यांत जाऊन उभे राहिले.

मला माहीत आहे आता काय कमेंट येणार. ‘अहो सर, प्रत्येक गोष्टीत रडगाणं कशाला? पोरांना प्रेरणा मिळते ना!’

मिळू दे की. पण कसली प्रेरणा, ते तरी बघा. ‘तुझ्यात जिद्द असेल तर पैसे कुठून तरी येतात’ हे आपण पोरांना शिकवतोय. कुठून तरी म्हणजे कुठून? बापाच्या कर्जातून. आईच्या मंगळसूत्रातून. ही प्रेरणा पोरांना नाही, प्रशासनाला आहे. हात झटकायची प्रेरणा!

दुसरी कमेंट येईल, ‘तेव्हा देश गरीब होता, नुकतंच स्वातंत्र्य मिळालं होतं.’ मान्य. शंभर टक्के मान्य. १९५२ च्या सरकारला मी आज शिव्या घालत नाही. पण २०२४ बघू या? पॅरिसला आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्य घेतलं. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, मधे ७२ वर्षं. पोरगा रेल्वेत टीसी, वडील शिक्षक. सुरुवातीच्या काळात एकेका गोळीचा खर्च भागवायला वडिलांनी कर्ज काढलं, हे पदकानंतर सगळ्या पेपरांत छापून आलं. पुन्हा तोच किस्सा, पुन्हा त्याच टाळ्या! आणि पदक आल्यावर कोटीचं बक्षीस जाहीर.

बक्षीस द्यायलाच पाहिजे, माझा विरोध नाही. मोठ्या खेळाडूंसाठी आज केंद्राच्या चांगल्या योजना आहेत, हेही खरं. पण त्या योजनेत पोचेपर्यंतची दहा वर्षं कोण सांभाळतं? तालुक्याच्या पोरीला राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत कोण नेतं? बाप, मास्तर आणि व्हॉट्सॲप ग्रुप. पदकानंतर हार आणि पदकाआधी उधारी, ही आपली क्रीडा पद्धत झाली आहे.

आता त्या मुलीचं सांगतो. तुम्हाला उत्सुकता असेल.

ती गेली. वेटिंगचं तिकीट शेवटपर्यंत कन्फर्म झालं नाही. दोन रात्री तिनं आणि तिच्या प्रशिक्षकांनी डब्यात दाराजवळ बसून काढल्या. पोचल्यावर दुसऱ्या दिवशी वजन, तिसऱ्या दिवशी कुस्ती. पहिली फेरी जिंकली, दुसऱ्या फेरीत हरली. समोरची मुलगी चार दिवस आधी येऊन आराम करून उतरली होती. तिच्याबरोबर फिजिओसुद्धा होता.

परत आल्यावर मी भेटायला गेलो होतो. ती मला म्हणाली, ‘काका, सगळ्यांचे पैसे वाया गेले ना?’

अकरावीतली पोर. राज्याचं नाव छातीवर लावून खेळून आली आणि माफी मागतेय. खरं तर आपण तिची मागायला पाहिजे. मला त्या घरात चहा गिळवेना.

तिच्यावर कुठलाही किस्सा होणार नाही. कारण किस्सा जिंकणाऱ्याचाच होतो. खाशाबा एक झाले. त्यांच्यासारखेच दुकानोदुकानी फिरलेले, पण ज्यांना घर गहाण टाकणारा प्राचार्य भेटला नाही, असे किती असतील? त्यांचा फॉरवर्ड कुणी केला आहे का? ते तालमीतून उठले आणि कुठंतरी हमाली करायला लागले, संपला विषय.

नुसता राग व्यक्त करून उपयोग नाही, म्हणून तीन गोष्टी सांगतो. जमतील तशा करा.

एक. पुढच्या वेळी असला किस्सा आला की जरूर वाचा, हसा, शेअर करा. पण खाली एक ओळ स्वतः लिहा, ‘यात बिल कोणी भरलं? आणि कोणी भरायला हवं होतं?’ बस्स, एवढंच. ग्रुपवर दोन दिवस शांतता पसरेल, पण लिहा.

दोन. व्यायामशाळा विकास, क्रीडांगण विकास यासाठी सरकारी अनुदानाच्या योजना आहेत. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून ते काम चालतं. आपल्या तालुक्यात गेल्या पाच वर्षांत कुणाला किती मिळाले, साहित्य कुठं आहे, मॅट कुणाच्या गोदामात गुंडाळून पडली आहे, हे माहिती अधिकारात विचारता येतं. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर द्यायची मुदत. मी माझा अर्ज सोमवारी टाकतोय. उत्तर आलं की जसंच्या तसं इथं टाकीन, नाही आलं तर तेही टाकीन.

तीन. येत्या १५ जानेवारीला राज्य क्रीडा दिन आहे. गावात हार-तुरे, भाषणं, खाशाबांच्या फोटोला पुष्पहार होणारच. त्या दिवशी स्टेजवर जो कोणी असेल, कुठल्याही पक्षाचा असू दे, मला त्याच्याशी घेणंदेणं नाही, त्याला एकच विचारा. राष्ट्रीय स्पर्धेला निवड झालेल्या आपल्या तालुक्यातल्या खेळाडूंचं येण्याजाण्याचं तिकीट या वर्षी कोण काढणार? नाव आणि रक्कम सांगा. भाषण नंतर.

मदत करायची बंद करा असं मी म्हणत नाही. पुढच्या पोरीचा मेसेज आला तर मीही पाचशे टाकीन, तुम्हीही टाका. पोरगी अडता कामा नये. फक्त पैसे टाकून झाल्यावर आपण काहीतरी थोर केलं असं समजून अंगठा दाखवू नका. ते पैसे देताना थोडी लाज वाटली पाहिजे. मला वाटते.

आणि तिला मी सांगून आलोय, पैसे वाया गेले नाहीत. पहिली फेरी जिंकलीस. दोन रात्री दाराजवळ बसून गेलेल्या पोरीनं राष्ट्रीय स्पर्धेत एक कुस्ती मारली. तिच्या सरावाला अजूनही मॅट नाही, मातीतच चालू आहे. आजही पहाटे पाचला ती तालमीत होती.